आर्चीला नेमके काय हवे होते?

२०१६ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत एक विलक्षण गोष्ट रोज घडत होती. ‘झिंगाट’ हे गाणे सुरू झाले, की प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत नाचू लागत. आणि तेच प्रेक्षक खेळ संपल्यावर एक अक्षर न बोलता बाहेर पडत. २९ एप्रिल रोजी प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा शंभर कोटी रुपयांहून अधिक कमाई करणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्याच्या यशाविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या अखेरच्या शांततेविषयी मात्र त्या मानाने थोडेच.

अकलूजकरांच्या दृष्टीने या चित्रपटाला जिव्हाळ्याचा आणखी एक पदर होता. आर्चीची भूमिका करणारी रिंकू राजगुरू ही अकलूजची, तेव्हा शाळेत शिकणारी मुलगी. त्याच वर्षी जाहीर झालेल्या ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला. दिग्दर्शकही याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातील जेऊरचे. चित्रीकरणही बरेचसे त्याच तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या पाण्याकाठी झालेले. ऊस, विहीर, ट्रॅक्टर, बुलेट, निवडणुकीची भाषणे, बोलीतला ठसका हे सारे माळशिरस तालुक्यातल्या माणसाला परके वाटण्याचे कारणच नव्हते. आपले गाव पडद्यावर पाहण्याचा आनंद मोठा असतो. पण आपले गाव पडद्यावर दिसले म्हणजे आपली कुरूपताही पडद्यावर दिसते, आणि तिच्याविषयी बोलणे तितकेसे सुखाचे नसते.

म्हणून ती शांतता चित्रपटगृहातून थेट घरी आली. गाणी मोबाइलवर वाजली, हळदीत वाजली, गणपतीच्या मिरवणुकीत वाजली. ज्या मुलामुलींनी आईवडिलांच्या शेजारी बसून तो शेवट पाहिला, त्यांच्याशी त्याविषयी कोणी बोलले का? बहुतेक घरांत ‘लई भारी पिच्चर’ किंवा ‘शेवट नको होता असा’ एवढ्यावर विषय संपला असणार. आरोग्याला वाहिलेल्या नियतकालिकात चित्रपटाचा विषय कशाला, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर या न झालेल्या संभाषणात आहे. जे पाहिले त्याने मन हलले, पण त्याला शब्द मिळाले नाहीत, अशी अवस्था लहानमोठ्या सर्वांनाच जड जाते. भावनेला नाव दिले असता मेंदूतील भीतीशी निगडित भागाची प्रतिक्रिया काहीशी सौम्य होते, असे कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅथ्यू लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. आपल्या आज्या ‘बोलून मोकळी हो’ असे म्हणत आल्या, ते याहून फार निराळे नाही.

‘तू’ ऐवजी ‘ती’

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला वडिलांनी जेवताना विचारून पाहावे, ‘‘तुझं कॉलेजात कुणाशी काही आहे का?’’ उत्तर एका शब्दाचे येईल, किंवा ताट अर्धे सोडून मुलगी उठून जाईल. त्याच वडिलांनी विचारावे, ‘‘आर्चीनं इतक्या वर्षांनी आईला फोन का केला असेल गं?’’ मुलगी थांबेल. कदाचित म्हणेल, ‘‘पप्पा, तिला वाटलं असेल, आता बाळ झालंय, आता राग गेला असेल.’’ वडील म्हणतील, ‘‘आणि गेला नव्हता.’’ मुलगी म्हणेल, ‘‘तुमचा गेला असता?’’

हा शेवटचा प्रश्न मुलगी कधीही थेट विचारू शकली नसती. आर्चीच्या आडून तो विचारता आला. पात्र हे माणसाला मिळालेले एक आडोशाचे ठिकाण आहे. ‘ती’विषयी बोलताना आपण ‘मी’विषयी बोलत असतो, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते, तरीही मधला पडदा दोघांची लाज राखतो. समुपदेशक कथेचा, नाटकाचा, बाहुल्यांचा उपयोग करतात तो याच कारणाने. घरातील जाणत्या माणसालाही तो करता येतो. त्यासाठी पदवी लागत नाही, थोडा वेळ लागतो.

प्रश्नांच्या अंगाने कथेकडे पाहण्याची रीत आपल्याला बाहेरून आणावी लागणार नाही. तमाशाच्या फडांत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहत. एकाने पुराणातील, रामायण-महाभारतातील कूट प्रश्न कवनातून टाकायचा आणि दुसऱ्याने कवनातूनच त्याची उकल करायची. ही भेदिक शाहिरी ऐकायला गावच्या गाव रात्रभर बसत असे. अकलूजला नव्वदच्या दशकापासून लावणीची राज्यस्तरीय स्पर्धा भरत आली, त्यामुळे सवाल-जबाबाची ही परंपरा येथील जुन्याजाणत्या रसिकांना सांगावी लागत नाही. आषाढीच्या वाटेवर तुकाराम महाराजांची पालखी अकलूजला येते, येथील मैदानात गोल रिंगण होते आणि मुक्कामी कीर्तन होते. तेथे कीर्तनकार दोन तास एकाच अभंगाचा एकेक शब्द उलगडत असतो: हा शब्द येथे का आला, दुसरा का नाही. ज्या समाजाने एका अभंगावर दोन तास घालवले, त्याने तीन तासांच्या चित्रपटावर दहा मिनिटेही घालवू नयेत, हे थोडे नवलाचेच.

हे कसब मोडले कोठे, याचा विचार केला तर बोट शाळेकडे जाते. शिक्षकांकडे नव्हे, तर परीक्षेच्या रीतीकडे. ‘पाठाची मध्यवर्ती कल्पना लिहा’, ‘अमक्याचे स्वभावचित्र रेखाटा’ हे प्रश्न मुळात उत्तम आहेत. पण त्यांची तयार उत्तरे गाइडात मिळतात. ‘प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी’ अशी तीन विशेषणे पाठ केली, की स्वभावचित्र पूर्ण होते. कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ असा प्रश्न आला. काही दिवसांत स्वमताचीही तयार उत्तरे शिकवणीच्या वह्यांत आली. दुसऱ्याने लिहून दिलेले स्वमत पाठ करणारा मुलगा कथेला काय प्रश्न विचारणार?

विषय एका शब्दाचा, आशय एका वाक्याचा

‘सैराट’चा विषय काय, असे विचारले तर कोणीही सांगेल: प्रेम. किंवा जात. हा विषय झाला. आशयसूत्र म्हणजे त्या विषयाविषयी ही कलाकृती काय म्हणते. ते एका शब्दात सांगता येत नाही, त्याला वाक्य लागते. आणि वाक्य आले, की त्याच्याशी असहमत होता येते. घरात गंमत तेथूनच सुरू होते. ‘पळून जाऊन लग्न केले की असे होते’ हे एक वाक्य. ‘माणसे प्रेमाला नाही, आपली सत्ता जाण्याला घाबरतात’ हे दुसरे. ‘प्रेम पळून जाण्याने सिद्ध होत नाही, पळून गेल्यानंतर भाड्याच्या खोलीत रोज सकाळी उठण्याने होते’ हे तिसरे. चित्रपट एकच; आजोबांनी पहिले वाक्य पकडावे, नातीने दुसरे आणि नुकतेच लग्न झालेल्या काकूने तिसरे. मग एकच प्रश्न विचारायचा: तुझे वाक्य चित्रपटात कोणत्या प्रसंगात दिसते? प्रसंग दाखवता आला पाहिजे. न दाखवता आल्यास ते मत चित्रपटाचे नव्हे, आपण घरून नेलेले आहे.

शीर्षकाकडेही असेच पाहता येईल. सैराट म्हणजे बेबंद, मोकाट. मग या कथेत सैराट कोण? वरवर पाहता ती दोन प्रेमी. पण आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात लोखंडे सरांच्या थोबाडीत मारतो आणि त्याला कोणतीही शिक्षा होत नाही. वडिलांच्या सत्तेच्या जोरावर गावभर वावरणारा तो मुलगा अधिक सैराट नव्हे काय? हा प्रसंग चित्रपटात बराच आधी येतो. शेवट पाहून हादरलेल्या प्रेक्षकाला तो आठवत नाही. आठवून दिला, की शेवट अचानक आलेला वाटेनासा होतो. ज्या मुलाला थोबाडीत मारण्याची किंमत द्यावी लागली नाही, तो पुढे काय करू शकतो, हे चित्रपटाने आपल्याला आधीच सांगून ठेवले होते. घरात ‘पोरगं जरा तापट आहे’ म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष केले जाते, त्याच्याविषयी बोलण्याची यासारखी दुसरी संधी मिळणार नाही.

आर्चीचे धैर्य कोणाचे?

पात्राविषयी विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. त्याला काय हवे आहे? ते मिळवण्यासाठी ते काय करते (काय म्हणते, हे निराळे)? त्याची किंमत कोण मोजते? आणि कथा संपते तेव्हा ते सुरुवातीचेच राहिले आहे काय?

आर्चीला हे विचारून पाहू. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीत पोहणाऱ्या मुलांना दरडावून बाहेर काढते, आवडलेल्या मुलाकडे स्वतःहून पाहते. मराठी पडद्यावर अशी नायिका विरळा, म्हणून मुलींनी तिला डोक्यावर घेतले आणि ते योग्यच होते. पण थोडे थांबून विचारावे: हे धैर्य कोणाचे? तेच आवाज चढवून बोलणे परश्याच्या बहिणीला परवडले असते काय? आर्ची ज्या गावात बिनधास्त वावरते ते गाव तिच्या वडिलांना घाबरते, आणि तो धाक तिच्या बुलेटच्या मागच्या आसनावर बसलेला असतो. हे तिला स्वतःला ठाऊक नसते. हैदराबादला पोहोचल्यावर कळते. तेथे तात्यांचे नाव कोणाला माहीत नाही, भाषा समजत नाही, वस्तीतील शौचालय तिला सहन होत नाही, स्वयंपाक येत नाही. उसने धैर्य तेथे संपते.

आणि मग, अतिशय सावकाश, दुसरे धैर्य येऊ लागते. ती बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला लागते. तेलुगू शिकते. पगार मोजते. या भागात गाणी नाहीत, नाच नाही. पुष्कळ प्रेक्षकांना चित्रपट येथे ‘लांबला’ असे वाटले. माझ्या मते चित्रपटाचे खरे बळ याच भागात आहे, कारण येथे आर्ची प्रथमच आपल्या स्वतःच्या पायांवर उभी आहे. मुलामुलींना विचारावे: कोणती आर्ची अधिक धीट, बुलेटवरची की बाटल्या भरणारी? उत्तरे एकसारखी येणार नाहीत, आणि यावीत अशी अपेक्षाही धरू नये.

परश्याविषयी तर याहून अवघड प्रश्न आहे, आणि तो जवळपास कोणीच विचारत नाही. परश्या हा मासेमारी करून जगणाऱ्या घरातला, खालच्या मानल्या गेलेल्या जातीतला, अभ्यासात हुशार, स्वभावाने हळवा मुलगा. क्रिकेटमध्ये तरबेज, मित्रांना जीव लावणारा. प्रेक्षकाचे सारे प्रेम त्याला मिळते. तोच परश्या हैदराबादमध्ये आर्चीवर संशय घेतो आणि तिच्यावर हात उचलतो. ती घर सोडून निघते, गाडीत बसते आणि परत येते. चित्रपटाच्या अखेरच्या भीषणतेखाली ही चापट दबून जाते. पण आपल्या घरांत अखेरच्या प्रसंगासारखे काही घडण्याची शक्यता, सुदैवाने, फार थोडी. चापटीची शक्यता मात्र घरोघरी.

म्हणून येथे थांबावे. हळव्या मुलाचा हात उठला तो कशामुळे? गरिबीमुळे? परक्या गावातील एकटेपणामुळे? की ‘बायको माझी’ ही समजूत जातीच्या दोन्ही बाजूंना सारखीच असते म्हणून? परश्यावर अन्याय झालेला आहे. म्हणून त्याने केलेला अन्याय लहान होतो का? आणि आर्ची परत आली ती प्रेमामुळे, की परतायला दुसरे घरच उरले नव्हते म्हणून? मुलगे या प्रश्नावर अस्वस्थ होतात, काही चिडतात. ते चिडणे वाईट नाही. आपल्याला आवडणारा माणूसही चुकीचे वागू शकतो आणि चुकीचे वागल्यावर त्याला ‘चूक’ म्हणता येते, हे सोळाव्या वर्षी एका पात्राबद्दल म्हणून पाहिलेले असले, तर पंचविसाव्या वर्षी स्वतःबद्दल किंवा मित्राबद्दल म्हणताना जीभ अडखळत नाही.

तात्यांबद्दल प्रौढांनी आपापसांत बोलावे, मुले झोपल्यावर बोलले तरी चालेल. तात्यांचे लेकीवर प्रेम होते की नव्हते? ‘नव्हते’ म्हणणे सोपे आहे. पण तिला कशाचीही उणीव त्यांनी ठेवलेली नाही, तिच्या धीटपणाचे कौतुकच आहे. स्कूटीवरून शिकवणीला जाणाऱ्या, दहावीला नव्वद टक्के मिळवणाऱ्या, ‘आमच्यात मुलगा-मुलगी भेद नाही’ असे ज्यांच्याबद्दल अभिमानाने सांगितले जाते अशा आपल्या मुलींना दिलेले स्वातंत्र्य नेमके कोठपर्यंत आहे? सीमा कोणती, ती कधी मोठ्याने सांगितली आहे का, की मुलीने ती ओलांडल्यावरच ती होती हे कळणार आहे?

आणि आर्चीची आई? तिच्या वाट्याला संवाद थोडे. ती काय विचार करते, हे आपल्याला फारसे कळत नाही. शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात, तेव्हा त्या आईला किती ठाऊक होते? चित्रपट याचे स्पष्ट उत्तर देत नाही. एखाद्या घरातील स्त्रिया केवळ या एका प्रश्नावर तासभर बोलू शकतील, कारण ज्या घरात निर्णय आपण घेत नाही त्या घरातील निर्णयांची जबाबदारी आपली किती, हा प्रश्न त्यांना चित्रपटाने दिलेला नाही; तो त्यांचा जुनाच आहे.

हैदराबादमध्ये या दोघांना आसरा देणारी सुमनअक्का हे माझे आवडते पात्र. नात्याची नाही, जातीची नाही, भाषेची नाही. स्वतःचेच संसाराचे ओझे पाठीवर असताना ती दोन अनोळखी पोरांना सावरते. मुलांना विचारावे, ‘‘तुझी सुमनअक्का कोण?’’ अमेरिकेतील हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे सक्षम, मायाळू माणसे झाली, आणि त्यांच्या आयुष्यात कोणी ना कोणी एक भरवशाचे मोठे माणूस होते. आजी, मावशी, शिक्षिका, शेजारीण. आपल्या मुलाने उत्तरादाखल आपले नाव घेतले नाही, आत्याचे घेतले, तर रुसू नये. आत्याला फोन करून तिचे आभार मानावेत.

विचारावे कसे

सारी मेहनत एका वाक्याने वाया जाते: ‘‘मग यातून तू काय शिकलास?’’ हा प्रश्न आला, की मुलाला परीक्षेचा वास येतो आणि तो परीक्षेचे उत्तर देतो. तसेच ‘‘बघ, म्हणून मी सांगत असते...’’ हे वाक्य. चित्रपटाच्या निमित्ताने ठेवणीतला उपदेश बाहेर काढायचा असेल तर चित्रपटाला मध्ये घेऊ नये, उपदेश सरळ करावा. मुले तो अधिक सहज सोसतात.

ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक नाही तो प्रश्न चांगला. उत्तर आले नाही तर वाट पाहावी. ते कदाचित दोन दिवसांनी, भाजी निवडताना किंवा गाडीवर मागे बसून जाताना येईल. समोरासमोर बसून डोळ्यांत डोळे घालण्यापेक्षा शेजारी-शेजारी असताना मुले अधिक बोलतात, हा पुष्कळ घरांचा अनुभव आहे. मोठ्यांनीही आपले उत्तर द्यावे. आणि मुलाच्या तोंडून ‘मला पण असंच संपवून टाकावंसं वाटतं’ यासारखे काही निघाले, तर ते चित्रपटाविषयीचे बोलणे राहिलेले नाही, हे लगेच ओळखावे. शांतपणे ऐकून घ्यावे, त्याला एकटे सोडू नये आणि मदत मागावी. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, लहान मुलांसाठी १०९८ आहे.

लहान मुलांना ‘सैराट’ दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सात-आठ वर्षांची मुले त्या गर्दीत मांडीवर बसून शेवट पाहत होती, ते टाळता आले असते. चित्रपट प्रमाणनाच्या २०२४ च्या नियमांनी पालकांच्या देखरेखीचे प्रमाणपत्र सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील अशा तीन गटांत विभागले आहे. दारात तिकीट काढताना किंवा घरी चित्रपट लावताना तो आकडा वाचण्याची सवय लावून घ्यावी. ज्या मुलाने तो शेवट आधीच कोठेतरी, तुकड्यातुकड्याने मोबाइलवर पाहिला आहे, त्याला मात्र ‘तू ते पाहायचे नव्हतेस’ म्हणून गप्प करण्यापेक्षा ‘काय पाहिलेस ते सांग’ म्हणणे हिताचे.

लहानांसाठी गोष्टीची पुस्तके पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबाबत प्रश्नांची उपयुक्तता अधिक नीट तपासली गेली आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चित्रांचे पुस्तक नुसते वाचून दाखवण्याऐवजी मुलाला प्रश्न विचारत, त्याचे उत्तर वाढवत वाचणाऱ्या पालकांच्या मुलांची बोलण्यातील प्रगती अधिक दिसली. उलट, उत्तम कथा वाचल्याने दुसऱ्याचे मन ओळखण्याची शक्ती तत्काळ वाढते, असा जो निष्कर्ष किड आणि कास्तानो यांनी २०१३ मध्ये मांडला आणि वर्तमानपत्रांनी उचलून धरला, तो पुढे इतरांनी करून पाहिलेल्या चाचण्यांत टिकला नाही. नुसते वाचले वा पाहिले की माणूस मायाळू होतो, या भ्रमात राहू नये. तसे असते तर ‘सैराट’ पाहिलेल्या लाखो लोकांनंतर या राज्यात एकही तसा खून व्हायला नको होता.

एक शंका हमखास निघते: असल्या चित्रपटांविषयी बोलल्याने मुलांच्या डोक्यात नसते ते शिरणार नाही का? मुलांच्या डोक्यात ते आधीच आहे. गाणे तोंडपाठ आहे. आपण न बोलल्याने फक्त आपले मत त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. बोलताना वस्तुस्थितीही सांगता येते: लग्नासाठी मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण हवे, आणि दोन सज्ञान व्यक्तींनी जोडीदार निवडल्यास कुटुंबाची, जातीची वा पंचायतीची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मधील शक्तिवाहिनी खटल्याच्या निकालात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. हे दोन्ही एकाच बैठकीत सांगावे. पहिलेच सांगून दुसरे गिळून टाकले, तर मुलांना कळते.

ज्या घराला ‘सैराट’पासून सुरुवात करणे जड वाटते, त्याने ‘श्यामची आई’ घ्यावी. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. श्याम रोज रात्री मित्रांना एक आठवण सांगतो, म्हणजे पुस्तकाची घडणच मुळी रात्रीच्या बैठकीची आहे. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारते आणि विहिरीवर पाठवते, तो प्रसंग घ्यावा. आजीला ती आई आदर्श वाटेल, नातवाला दुष्ट, आणि मधल्या पिढीच्या आईला स्वतःचा काल संध्याकाळचा आवाज आठवेल. थोड्या मोठ्या मुलांसाठी मंजुळे यांचाच ‘फँड्री’ आहे. त्यात जब्याला जे हवे आहे ते कोणते, आणि शेवटी तो दगड भिरकावतो तो कोणाच्या दिशेने? मनाच्या आजारपणाविषयी बोलायचे असल्यास सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’. नैराश्याने घेरलेल्या तरुणाच्या या कथेला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. निर्माते डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. चित्रपट दाखवून झाल्यावर प्रेक्षकांशी बोलत बसणे हा त्यांनी आपल्या कामाचाच भाग मानला.

‘सैराट’च्या अखेरीस शेजारीण त्या लहानग्याला बाहेरून फिरवून आणते आणि दाराशी सोडून जाते. तो आत जातो, आणि मग रडत बाहेर येतो, तेव्हा त्याच्या इवल्या पावलांचे लाल ठसे फरशीवर उमटत जातात. पडद्यावर आवाज नसतो. हे मूल आता कोणाकडे वाढेल? तात्यांच्या घरी, परश्याच्या आईकडे, सुमनअक्काकडे? ते मोठे झाल्यावर त्याला ही गोष्ट कोण सांगेल, आणि कोठून सुरू करील?